नळ तीन, टाकी एक

प्रश्न : कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या आणि त्यांचा मामेभाऊ मिळून डिजिटल मार्केटिंगची छोटी कंपनी चालवतात. मुख्य क्लायंट म्हणजे शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. ती पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज अमेरिकेत आणि जर्मनीत पाठवते. जाहिरातीचं महिन्याचं बजेट १,८०,००० रुपये आहे. त्यातले १,५०,००० गूगलवर जातात आणि सुमारे ५० चौकशा येतात. मायक्रोसॉफ्टवर ३०,००० जातात आणि १५ येतात. मागच्या वर्षी गूगलचं बजेट १,२०,००० वरून वाढवलं, तेव्हा चौकशा ४४ वरून ५० झाल्या. करार करताना या ताईंनी मालकांना सांगितलं होतं, “आपण गूगल, बिंग, याहू, डकडकगो अशा चार ठिकाणी दिसतो, एक बंद पडलं तरी तीन आहेत.” आता सर्च कंपन्या एकत्र येतात, एकमेकींचा माल वापरतात अशा बातम्या वाचून मालक विचारतात, “एकीनं दुसरीला गिळलं तर आपले पैसे कुठं जाणार?” भाऊ म्हणतो, किरकोळ सगळं बंद करू, गूगल एके गूगल. ताईंना वाटतं, कंपन्या कमी झाल्या की क्लिक महागणार, तेव्हा सर्चच सोडून सोशल मीडियाकडं वळावं. काय करावं?

नमस्कार ताई,

विलीनीकरणाकडं नंतर वळू. आधी तुमच्या त्या ‘चार ठिकाणां’कडं बघू, कारण खरी गोम तिथं आहे आणि तिला कुठल्याही नव्या बातमीची गरज नाही.

याहूवर दिसणारे शोधनिकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात आणि सर्चच्या जाहिराती मायक्रोसॉफ्टच्या लिलावातून, म्हणजे जाहिरातदारांच्या बोल्यांतून, येतात. डकडकगोचे नेहमीचे वेबनिकाल मुख्यतः बिंगचेच, जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्याच. म्हणजे तुमच्या यादीत गूगल ही एक टाकी, आणि बाकीचे तीन नळ एकाच दुसऱ्या टाकीला जोडलेले. याचा दाखला २३ मे २०२४ ला सगळ्यांना मिळाला. त्या दिवशी बिंगमध्ये बिघाड झाला, आणि डकडकगो आणि इकोसिया ही सर्च इंजिनंही काही तास अडली. चॅटजीपीटीचा वेबशोधही अडखळला. नावं वेगळी होती, पाणी एकदमच गेलं.

तुम्ही मालकांना फसवलं नाही, पण जे सांगितलं ते बरोबरही नव्हतं. ते दुरुस्त करायला एक कागद पुरेल. त्यावर प्रत्येक सर्च इंजिनासमोर दोन रकाने करा : निकाल कुणाच्या इंडेक्समधून (वेबपानांच्या साठवलेल्या सूचीतून) येतात, आणि जाहिरातीचा लिलाव कुणाचा. हे दोन रकाने वेगळे ठेवायचं कारण आहे. याहू जपानमध्ये निकालांमागं गूगलचं तंत्र २०१० च्या सुमारास आलं, पण जाहिरातदारांची खाती आणि बोली याहू जपाननं स्वतःकडं ठेवल्या. तिथं एसइओ (जाहिरातीविना निकालांत वर येण्याचं काम) एकाच टाकीवर चालतं, जाहिराती मात्र दोन ठिकाणी चालवाव्या लागतात. स्वतःचा इंडेक्स असलेली नावं मोजकीच आहेत : गूगल, बिंग, ब्रेव्ह, रशियाचं यांडेक्स, चीनचं बायडू, चेक प्रजासत्ताकातलं सेझनाम, कोरियाचं नेव्हर. युरोपात इकोसिया आणि क्वांट यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचा इंडेक्स उभारण्यासाठी एकत्र कंपनी काढायचं जाहीर केलं. हेही एक प्रकारचं एकत्र येणंच, पण यानं टाक्या कमी होत नाहीत, एक वाढते. जर्मनीत माल विकणाऱ्यानं त्याकडं लक्ष ठेवावं, बजेट मात्र आज ठेवू नये.

तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातही ही वाटणी दिसते. प्रकाशक संकेतस्थळांचा अहवाल काढा. कुठल्या साइटवर किती क्लिक, किती खर्च, किती चौकशा हे ओळीनं येतं. बहुतेक जण तो कधी उघडतच नाहीत. उघडला की दोन गोष्टी कळतात : याहू आणि डकडकगो वगैरेंचा वाटा नेमका किती, आणि कुठल्या तरी अनोळखी भागीदार साइट्सवर पैसे झिरपताहेत का. ज्या साइटवर शंभरेक क्लिक होऊनही एक चौकशी नाही, ती वगळण्याच्या यादीत टाका. गूगलमध्येही कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये ‘सर्च पार्टनर्स’चा (गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट्सचा) टिकमार्क आहे. नेटवर्कनुसार आकडे वेगळे करून बघा आणि मगच तो ठेवायचा की काढायचा ते ठरवा.

आता मालकांच्या ‘गिळण्या’कडं. बातमी आली म्हणजे घटना घडली, असं आपण धरून चालतो. या धंद्याचा इतिहास तसं सांगत नाही. १ फेब्रुवारी २००८ ला मायक्रोसॉफ्टनं याहूसाठी ४४.६ अब्ज डॉलरची बोली लावली आणि मे महिन्यात मागं घेतली. जूनमध्ये गूगल आणि याहूनं जाहिरातींचा करार जाहीर केला. अमेरिकेच्या न्याय खात्यानं खटल्याचा इशारा दिल्यावर तो नोव्हेंबरमध्ये गुंडाळला गेला. तिसरी घोषणा २९ जुलै २००९ ची, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या दहा वर्षांच्या सर्च कराराची. ही टिकली. पण तिलाही नियामकांची मंजुरी मिळायला फेब्रुवारी २०१० उजाडलं, अमेरिका आणि कॅनडात याहूचे निकाल बिंगवर गेले ऑगस्ट २०१० मध्ये, आणि जाहिराती हलल्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर. घोषणा ते जाहिरातींचं स्थलांतर यांत पंधरा महिने. ज्यांनी घोषणेच्या दिवशी घाबरून याहूचं बजेट काढलं, त्यांनी पंधरा महिन्यांचे चालू क्लिक सोडून दिले. जे ऑक्टोबरपर्यंत झोपून राहिले, त्यांना दुसऱ्या प्रकारे भुर्दंड बसला.

तो भुर्दंड समजून घ्या, कारण पुढच्या वेळीही तो याच जागी बसेल. याहूकडं कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात लावायची ते शब्द, लोकांच्या शोधाशी जुळवण्याचे दोन प्रकार होते, स्टँडर्ड आणि अ‍ॅडव्हान्स्ड. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅडसेंटर या जाहिरात यंत्रणेत तीन : ब्रॉड (सैल), फ्रेज (शब्दसमूह), एक्झॅक्ट (तंतोतंत). वरवर बघता स्टँडर्डचं एक्झॅक्ट करायचं आणि अ‍ॅडव्हान्स्डचं ब्रॉड. पण याहूचं स्टँडर्ड एकवचन-अनेकवचन आणि नेहमीच्या स्पेलिंगच्या चुकाही पोटात घ्यायचं, एक्झॅक्ट घ्यायचं नाही. तेव्हा ज्यांनी डोळे झाकून भाषांतर केलं, त्यांचे ‘कास्टिंग’चे क्लिक राहिले आणि ‘कास्टिंग्ज’चे गेले. जाहिरातीच्या शीर्षकाची लांबीही याहूकडं जास्त होती. नव्या खोक्यात न मावणारी शीर्षकं पुन्हा लिहावी लागली, आणि नवी शीर्षकं म्हणजे नवा क्लिक-दर (जाहिरात दिसलेल्यांपैकी किती जण क्लिक करतात ते प्रमाण), शून्यापासून. एसइओवाल्यांचं नुकसान वेगळं. याहूचं साइट एक्सप्लोरर हे प्रतिस्पर्ध्यांच्या साइटला कोण लिंक देतं ते फुकट दाखवणारं साधन नोव्हेंबर २०११ मध्ये बंद झालं. ज्यांनी यादी उतरवून ठेवली नव्हती, त्यांची ती गेली. गंमत म्हणजे खुद्द याहूलाही हे स्थलांतर नीट साधलं नाही. दर शोधामागचं उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी आलं आणि मायक्रोसॉफ्टला याहूला दिलेली उत्पन्नाची हमी मुदतीनंतरही चालू ठेवावी लागली.

“कंपन्या कमी झाल्या की क्लिक महागणार” हे तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक. ते अर्धं खरं आहे. क्लिकचा भाव कंपनी छापील दरानं ठरवत नाही, शेजारी बोली लावणारे ठरवतात. सोपं करून बघू, जाहिरातीच्या गुणवत्तेचा हिशेब बाजूला ठेवून. एका इंजिनावर एका कीवर्डला तीन बोल्या आहेत, ६०, ४५ आणि ३० रुपये. दुसऱ्यावर दोनच, ४० आणि २५. तुम्ही फक्त दुसऱ्यावर ४० रुपयांची बोली लावून पहिल्या जागी आहात आणि खालच्याला मागं टाकण्यापुरते, म्हणजे साधारण २५ रुपये देता. दोन्ही लिलाव एकत्र झाले की रांग होते ६०, ४५, ४०, ३०, २५. तुम्ही पहिल्यावरून तिसऱ्या जागी, आणि क्लिकला ३० रुपये. बोली तीच, जागा खाली, भाव वर. म्हणजे मार बसतो तो स्वस्त इंजिनावर एकटा बसलेल्या जाहिरातदाराला. तुमची फाउंड्री दोन्हीकडं आहे, त्यामुळं तिला झळ कमी.

उरलेलं अर्धं कंपनीच्या हातात असतं : किमान बोली, जागेसाठीची पात्रता, कीवर्ड किती सैल जुळवायचा हे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं गूगलला सर्चमधली मक्तेदार ठरवताना हेही नोंदवलं की सर्चच्या मजकूर-जाहिरातींना गूगलनं स्पर्धेत टिकले नसते असे भाव लावले. लक्षात घ्या, याला कुठलं विलीनीकरण लागलं नाही. सप्टेंबर २०२५ च्या उपाययोजनेच्या निकालात न्यायालयानं क्रोम विकायला लावलं नाही, पण अनन्य (फक्त गूगलच ठेवायचं अशा) करारांना आळा घातला आणि पात्र स्पर्धकांना काही डेटा, निकाल आणि जाहिराती पुरवायला सांगितलं. हे अमलात येईल तसे नवे नळ दिसू लागतील. त्यातले काही गूगलच्याच टाकीचे असतील, म्हणून तो दोन रकान्यांचा कागद दर सहा महिन्यांनी नवा करा.

भावाचं म्हणणं आता तुमच्याच आकड्यांवर घासून बघू. तो म्हणेल, गूगलवर चौकशी ३,००० रुपयांना पडते, मायक्रोसॉफ्टवर २,००० ला, फरक फार नाही, दोन खाती सांभाळायची कटकट कशाला. पण मायक्रोसॉफ्टचे ३०,००० गूगलवर हलवले तर पुढच्या चौकशा सरासरी भावानं येणार नाहीत. तुम्ही गूगलवर शेवटचे ३०,००० वाढवलेत तेव्हा सहाच चौकशा वाढल्या, म्हणजे ५,००० रुपयांना एक. आणि पुढचे ३०,००० त्याहून महाग पडतील, कारण चांगले शोध आधीच तुमच्या पदरात आहेत. म्हणजे पंधरा चौकशा सोडून पाच-सहा घ्यायच्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर आठवड्याला दोन तास जात असतील तर जाऊ द्या.

शिवाय तुमचा माल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून विकत घेतला जातो. अमेरिकेतल्या खरेदी खात्यातल्या माणसाच्या विंडोजवर एज हा ब्राउझर असतो आणि त्यात बिंग. भारतात गूगलचा वाटा ९५ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळं इथल्या दवाखान्याला किंवा क्लासला मी भावासारखाच सल्ला दिला असता. तुमचा ग्राहक तिकडचा आहे. आणि इथं एका जुन्या खरेदीचा फायदाही घ्या. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये लिंक्डइन घेतलं, त्यामुळं त्यांच्या सर्च जाहिरातींत अमेरिकेतल्या शोधकाची कंपनी, उद्योग आणि कामाचं खातं बघून बोली कमी-जास्त करता येते. खरेदी किंवा इंजिनिअरिंग खात्यातल्या माणसासाठी १५-२० टक्के बोली वाढवून महिनाभर बघा. गूगलकडं हे नाही.

मात्र मायक्रोसॉफ्टचं खातं गूगलवरून ‘इम्पोर्ट’ (नक्कल) करून चालवत असाल, तर तिथं नेहमी तीन ठिकाणी फसतं. एक, इम्पोर्ट दर आठवड्याला आपोआप चालतो असा लावला असेल तर तुम्ही हातानं केलेल्या सुधारणा पुसल्या जातात. तो एकदाच चालवा, नाहीतर बोली आणि बजेटचे पर्याय त्यातून काढा. दुसरं, गूगलवरचं ‘टार्गेट सीपीए’ (एका चौकशीमागं किती खर्च चालेल ते लक्ष्य) तसंच येतं, पण मायक्रोसॉफ्टच्या यंत्राला तुमच्या चौकशांचा इतिहास माहीत नसतो. त्याला ३० दिवसांत निदान १५ रूपांतरणं (इथं चौकशा) दिसली पाहिजेत, तुम्ही बरोब्बर त्या काठावर आहात. एखाद्या महिन्यात ११ आल्या की कॅम्पेन उपाशी पडतं आणि भाऊ म्हणतो, बघ, बिंग चालत नाही. अशा महिन्यांत कमाल सीपीसीची (एका क्लिकच्या किमतीची) मर्यादा घालून ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’वर ठेवा, किंवा अमेरिका आणि जर्मनीची तुटक कॅम्पेनं जोडून आकडा भरा. तिसरं, यूईटी टॅग, म्हणजे साइटवर बसवायचा मायक्रोसॉफ्टचा मोजणीचा कोड. गूगलचा टॅग साइटवर आहे म्हणून रूपांतरणं मायक्रोसॉफ्टला कळत नाहीत. त्यांचा टॅग वेगळा बसवावा लागतो, आणि ‘थँक यू’ पानावर तो खरंच पेटतो का हे चाचणीची चौकशी पाठवून बघावं लागतं.

तुमच्या सोशल मीडियाच्या विचाराबद्दल थोडक्यात. साड्या, केक, सहली या गोष्टी माणूस स्क्रोल करता करता घेतो. चाळीस किलोची डक्टाइल आयर्नची व्हॉल्व्ह बॉडी कुणी तशी घेत नाही. हातात ड्रॉइंग घेऊन तो शोधतो. फाउंड्रीचा मोल्डिंग लाइनचा व्हिडिओ लिंक्डइनवर टाका, विश्वास बसायला मदत होईल, पण सर्चचं बजेट त्यासाठी मोडू नका. एक मालकी बदलेल म्हणून दुसरीकडं पळण्यात तसाही अर्थ नाही. अमेरिकेतली औद्योगिक पुरवठादारांची जुनी डिरेक्टरी थॉमसनेटसुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये झोमेट्रीनं घेतली. मालकी सगळीकडंच बदलते.

म्हणून ज्यावर खरंच वेळ घालवायचा ती गोष्ट म्हणजे तुमची स्वतःची नोंद. गूगल सर्च कन्सोल (तुमची साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते दाखवणारं साधन) १६ महिन्यांपलीकडचे आकडे ठेवत नाही, आणि तिथून हातानं उतरवताना फक्त १,००० ओळी मिळतात. बिगक्वेरी या गूगलच्या डेटा-साठवणीत घाऊक एक्स्पोर्ट सुरू केला तर सगळं साठतं, पण सुरू केलेल्या दिवसापासूनच, मागचं येत नाही. तेव्हा तो याच आठवड्यात सुरू करा. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ या साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनात तपशीलवार विश्लेषणाचा डेटा मुळात दोनच महिने राखला जातो. सेटिंगमध्ये जाऊन तो १४ वर न्या. हे काळजीपोटी सांगत नाही. जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ ला थांबलं आणि वर्षभरानं त्यातला डेटाही गेला, तेव्हा कुणी कुणाला विकत घेतलं नव्हतं.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही खात्यांचे ‘सर्च टर्म्स’ (लोकांनी खरंच टाइप केलेले शोध) अहवाल आणि कॅम्पेनची पूर्ण सीएसव्ही उतरवून क्लायंटच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. नकारात्मक कीवर्डांची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी विसरू नका. ‘जॉब’, ‘ज्वेलरी’, ‘अ‍ॅक्टिंग’, ‘फिशिंग’ असं कास्टिंगच्या शोधातलं वर्षानुवर्षं काढलेलं तण त्यात असतं. स्थलांतरात सर्वांत आधी तेच गळतं, आणि पहिल्या आठवड्यातच मासेमारीच्या गळांवर बजेट उडतं. यूटीएममधली (लिंकच्या शेवटी जोडलेल्या स्रोताच्या खुणेतली) नावं तुमची ठेवा, इंजिनाच्या आजच्या ब्रँडवर नको. अ‍ॅडसेंटरचं बिंग अ‍ॅड्स झालं २०१२ मध्ये, त्याचं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅडव्हर्टायझिंग २०१९ मध्ये. ज्यांनी स्रोताला दर वेळी नवं नाव दिलं, त्यांच्या अहवालात आज एकाच नदीचे तीन तुकडे दिसतात.

चौकशीच्या फॉर्ममध्ये दोन लपलेले रकाने घाला, गूगलच्या जीसीएलआयडीसाठी आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसक्लिकआयडीसाठी (हे त्या त्या जाहिरात-क्लिकचे ओळख क्रमांक), आणि ते फाउंड्रीच्या चौकशी वहीत त्या खरेदीदाराच्या नावासमोर साठवा, मग ती एक्सेल शीट का असेना. कास्टिंगचा सौदा नमुना, तपासणी, पहिली ऑर्डर असा सहा-आठ महिने चालतो, आणि गूगल क्लिकनंतर ९० दिवसांपर्यंतचीच ऑफलाइन (साइटबाहेर झालेली) रूपांतरणं घेतं. म्हणून ऑर्डरची वाट बघू नका. ‘ड्रॉइंग आलं’ किंवा ‘कोटेशन गेलं’ हा टप्पाच रूपांतरण म्हणून परत पाठवा. मग ५० आणि १५ या चौकशांमधल्या कामाच्या किती तेही कळेल. आज तुमच्या पत्रात तो आकडा नाही, आणि भावाशी वाद खरं तर त्यावर व्हायला हवा. आणखी एक : दोन्ही जाहिरात खाती क्लायंटच्या मालकीची, बिलही त्यांच्या जीएसटी क्रमांकावर, आणि तुमची कंपनी मॅनेजर खात्यातून जोडलेली, अशी रचना आहे ना? एजन्सीच्या खात्यात दहा क्लायंट कोंबले असतील तर स्थलांतराच्या वेळी इतिहास वेगळा काढताना रडकुंडीला याल.

आणि उद्या खरंच दोन जाहिरात यंत्रणा जोडल्या जाणार असं ठरलं, तर? घोषणेच्या दिवशी काहीही हलवू नका. नियामकांची मंजुरी आणि स्थलांतराची तारीख, या दोनच तारखा कॅलेंडरवर लिहा. नवी यंत्रणा उघडली की तिथं १०-१५ टक्के बजेटनं आधीच खातं चालू करा, म्हणजे स्थलांतराच्या दिवशी तुमच्या खात्याला काही इतिहास असेल. कीवर्ड जुळवण्याचे प्रकार हातानं, एकेक गट बघून लावा. तारखेच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे जाहिराती, लँडिंग पान (क्लिक केल्यावर उघडणारं), बोलीची पद्धत यातलं काहीच बदलू नका, नाहीतर फरक कशामुळं पडला ते कळणार नाही. सीपीसी वाढला म्हणून लगेच कॅम्पेन थांबवू नका. चौकशीचा आणि कोटेशनचा खर्च निदान सहा आठवडे मोजा, आणि त्या सहा आठवड्यांत नाताळ येत असेल तर तुलना आदल्या वर्षीच्या नाताळाशी करा.

एसइओच्या बाजूला काम कमी आहे. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये साइट नोंदवा, सर्च कन्सोलवरून ती थेट आणता येते. ‘इंडेक्सनाऊ’ चालू करा. नवं पान टाकलं की बिंग, यांडेक्स, सेझनाम आणि नेव्हरला एकदम कळतं. गूगल त्यात नाही.

मालकांना भेटायला जाताना तो दोन रकान्यांचा कागद आणि गेल्या तीन महिन्यांचा प्रकाशक अहवाल घेऊन जा. सांगा, “मी चार ठिकाणं म्हटलं होतं, ती दोन आहेत. पैसे कुठं जातात ते हे बघा.” ‘गिळण्या’चं विचारलं तर पंधरा महिन्यांचा तो हिशेब सांगा. आणि निघण्यापूर्वी त्यांच्याकडून कोटेशनची वही मागून घ्या, कारण पुढचं सगळं गणित त्या वहीवर बसणार आहे.